आत्या कानाचं मशीन घेते

मी हिशेबाचा माणूस आहे. पुरावा हाताशी असल्याशिवाय विधान करत नाही, आणि 'सर्वात', 'एकमेव' असले शब्द शक्यतो टाळतोच. तरीही लिहून देतो की, वस्तू पारखून घेण्यात माझ्या आत्याचा हात धरणारं माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. शेजारच्या जिल्ह्यांबद्दल मी बोलत नाही, कारण तिकडची माहिती माझ्याकडे अपुरी आहे. पण तिकडच्याही एका भांड्यांच्या दुकानदाराने तिला लांबून येताना पाहून शटर अर्ध्यावर ओढलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहायला अंबडला, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम, आणि आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. तिचे यजमान तरुणपणीच गेले आणि शेती तिच्या अंगावर पडली. पदर खोचून ती स्वतः बैलबाजारात जायची. बैलाचे दात बघायची, खूर बघायची, आणि मग विकणाऱ्याला सांगायची, "आता गाडीची चाकं दोरानं बांध आन् जुंप ह्याला." चाकं फिरत नसलेली गाडी बैल ओढतो की मान टाकतो, हे पाहिल्याशिवाय ती भावाचा विषयच काढू द्यायची नाही. "उभं असताना समदेच देखणे दिसतात रे बापू," ती मला सांगायची. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण जुंपून बघायची सवय काही गेली नाही. जुन्या जालन्यातल्या कापडदुकानातून ती साडी पसंतीवर घरी न्यायची, कोपरा भिजवून दगडावर घासायची आणि रंग गेला की तोच ओला कोपरा वर येईल अशी घडी घालून साडी परत पाठवायची. मिक्सर घ्यायला निघाली तेव्हा भिजवलेली उडदाची डाळ पातेल्यात घेऊन दुकानात गेली. एकेका मिक्सरमध्ये थोडी थोडी वाटून पाहिली, पीठ घरी आणलं, वडे तळले आणि दुसऱ्या दिवशी ताटलीभर वडे दुकानदाराला पाठवून निरोप दिला, "वडे चांगले झाले, मिक्सर पसंत न्हाई." जावयाचंही तेच. मुलगा पाहायचा कार्यक्रम उरकल्यावर तिने त्याला आंबे खायला म्हणून शेतावर बोलावलं आणि विहिरीवरची बंद पडलेली मोटार उघडून त्याच्यापुढे ठेवली. मुलगा कॉमर्स शिकलेला. मोटार काही सुरू झाली नाही. पण दुपारभर तेलात हात काळे करूनही त्याचा पारा चढला नाही, तेवढ्यावर आत्याने लग्न पक्कं केलं. संसार आजतागायत उत्तम चालला आहे.

अशा बाईला ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा तिने आपला कान सोडून बाकी सगळ्या जगाची पारख केली आणि निकाल दिला, "आजकाल लोकं पुटपुटून राह्यलेत." टीव्हीवरचे लोक पुटपुटतात, डॉक्टर पुटपुटतो, आणि सगळ्यात जास्त पुटपुटते ती सून.

इथे वहिनींबद्दल सांगायला हवं. माझा आतेभाऊ बँकेत नोकरीला. बदलीच्या गावी राहतो आणि शनिवारी घरी येतो. वहिनी अंबडच्याच एका शाळेत शिक्षिका आहेत, त्यामुळे घरात सासू आणि सून दोघीच. वहिनी वर्गात नुसत्या उभ्या राहिल्या तरी पोरं चिडीचूप होतात. पण त्यांच्या माहेरी वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही ही शिस्त इतकी कडक, की घराचा उंबरठा ओलांडला की त्यांचा आवाज आपोआप खाली बसतो. सासूशी मोठ्याने बोलायचं म्हणजे सासूवर ओरडायचं, आणि ते त्यांच्याच्याने या जन्मात होणार नाही. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून आग्रह केला. वहिनींनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि "आत्याबाई" एवढं जरा चढ्या आवाजात म्हटलं. लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाई काय भांडण झालं म्हणून भिंतीवरून डोकावल्या. तो प्रयोग तिथेच संपला.

मग वहिनींनी मार्ग काढला तो असा. माझा आवाज भरड आहे आणि फोनवर तो आत्याला बरोबर ऐकू येतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. संध्याकाळी जालन्यात माझा फोन वाजायचा.

"भाऊजी, आत्याबाईंना सांगता का, चहा झालाय."

"तुम्ही कुठे आहात वहिनी?"

"स्वयंपाकघरात."

"आणि आत्या?"

"समोर ओसरीवर बसल्यात. दिसतात मला इथून."

मग मी आत्याला फोन लावायचा.

"बोल रे बापू! काय काम काढलंस?"

"काम नाही. चहा झालाय."

"झाला का? बरं झालं. मंग मला कामून सांगतो?"

"माझा नाही, तुझा चहा!"

"जालन्यात बसून तुला माझा चहा दिसून राह्यला?"

अंबड ते जालना आणि परत अंबड असा पन्नासहून जास्त किलोमीटरचा फेरा मारून चहाची बातमी दहा पावलांवर पोचायची, तोवर चहा निवलेला असायचा. मी गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, दूधवाला आल्याचं सांगितलं, गॅस संपल्याचं सांगितलं. आमची ही म्हणायची, "तुम्हाला आपल्या घरातलं काही माहीत नसतं, पण अंबडच्या फ्रिजमध्ये काय आहे ते तोंडपाठ असतं." ते खरंच होतं.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो. पण एके दिवशी निरोप देऊन झाल्यावरही वहिनींनी फोन ठेवला नाही. जरा थांबून म्हणाल्या, "भाऊजी, सांगायचं लई साठलंय हो. पण निरोप म्हणून पाठवावं असं त्यात काही नसतं." मला एकदम कळलं. शाळा सुटून घरी आल्यावर वहिनी आत्यासमोर बसून भाजी निवडायच्या आणि शाळेतलं, गल्लीतलं, बाजारातलं सगळं हळू आवाजात सांगायच्या. कुणाच्या घरी पाहुणे आले, कोणत्या पोराने प्रगतिपुस्तकावर स्वतःच बापाची सही ठोकली, हेडबाई कुणाला काय बोलल्या. आत्याचं दिवसाचं खरं जेवण तेच होतं. आता दोघी समोरासमोर बसून मेथी निवडायच्या आणि घरात फक्त मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज यायचा. तोही आत्याला येत नव्हता. त्या घरातलं बोलणं संपत चाललं होतं, आणि ते काही मला जालन्याहून फोन करून पुरवता येण्यासारखं नव्हतं.

आतेभावाने आधी घरबसल्या एक स्वस्तातलं यंत्र मागवलं. ते कानात घालून आत्या अर्धा तास बसली आणि काढून त्याच्या हातात दिलं. "ह्यो समदंच वरडून सांगतो. पंखा बी वरडतो, कुकर बी वरडतो, आन् त्यांच्या मधी ही पुटपुटतीच." मग मी सुट्टी काढली आणि आत्याला, वहिनींना घेऊन जालन्यात कान तपासणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्या वयाने लहान, पण कामात चोख. त्यांनी आत्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं की बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं. आत्या आत गंभीर चेहऱ्याने बसून राहिली. बटण काही दाबेना. मॅडम शेवटी दार उघडून आत गेल्या.

"आजी, आत्ताचा आवाज नाही आला का?"

"आल्तासा वाटला."

"मग दाबायचं ना!"

"वाटला म्हणून कसं दाबू? बांधाच्या भांडणात म्या अंबडच्या कोर्टात साक्ष दिलीय पोरी. जे पक्कं तेच बोलली म्या तवा."

"इथं संशयाचा फायदा कानाला द्यायचा, आजी."

"असं अगोदर सांगावं मंग," म्हणत आत्याने बटण सरसावून धरलं, आणि तपासणी पहिल्यापासून सुरू झाली.

निकाल असा निघाला की दोष दोन्ही कानांत आहे, थोडा ते मध्यम. मॅडमनी आलेख दाखवून साध्या भाषेत सांगितलं. जाड आवाज आत्याला ठीक येत होते. बारीक आवाज गळत होते. माणूस बोलतंय हे कळायचं, पण शब्दातली 'स', 'फ', 'थ' अशी हलकी अक्षरं निसटायची, आणि मग समोरचा पुटपुटतोय असं वाटायचं. पुरुषाचा भरड आवाज पोचायचा. हळू बोलणाऱ्या बाईचा वाटेतच विरायचा.

"म्हंजे ही पुटपुटत न्हाई?" आत्याने विचारलं.

"नाही आजी. त्या नीट बोलतात."

आत्याने त्या आलेखावरून बोट फिरवलं. "मला तसं कुणी सांगितलं बी न्हाई," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं," वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या. आत्याला ते ऐकू गेलं नाही.

यंत्र निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ता केला. कोणत्या यंत्रात सोयी किती, बॅटरी किती तास चालते, वॉरंटी किती, दुरुस्ती कुठे होते, असे रकाने आखले आणि आत्यापुढे ठेवला. आत्याने तो पंख्यासारखा वापरला. मॅडमनी आधी कानाच्या आत बसणारं, बाहेरून न दिसणारं इवलंसं यंत्र दाखवलं. "लपवायचं कामून?" आत्या म्हणाली. "चष्मा काय म्या पदराखाली घालती?" त्यात त्या यंत्राची बॅटरी मसुरीच्या दाण्याएवढी. आत्याने ती बसवून पाहायचं ठरवलं, ती बोटांतून निसटली, आणि आम्ही तिघं खुर्च्यांखाली शोधत असताना आत्याने वरूनच निकाल दिला, "जे बसवायला चार माणसं लागतात ते म्या घेत नसते." राहिलं ते कानामागे बसणारं आणि बारीक तारेने कानात जाणारं यंत्र, रात्री डबीत ठेवून मोबाइलसारखं चार्ज करायचं. मॅडमचंही मत तेच होतं. जाड आवाज चांगले असताना कान पूर्ण बुजवायचा नाही, नाहीतर स्वतःचाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो, असं त्या म्हणाल्या. तसल्या यंत्रांच्या दोन कंपन्यांच्या जोड्या उरल्या. अनामत ठेवून एकेक जोडी आठवडाभर घरी वापरून बघता येईल, असं मॅडमनी सांगताच आत्याचा चेहरा असा फुलला की मला बैलबाजाराचे दिवस आठवले.

पहिले काही दिवस ती वैतागली. स्वतःच्या चपलांचा आवाज, वर्तमानपत्राची पानं, फ्रिजची घरघर. "माझ्या घरात एवढा कालवा हाय?" ती मला फोनवर विचारायची. मॅडमनी सांगितलेलंच होतं की आधी थोडा वेळ घालायचं आणि रोज वाढवत न्यायचं, म्हणजे डोक्याला सवय होते. डोक्याला सवय होताच आत्याने यंत्र जुंपायला काढलं. पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहिली. अंबडच्या बाजारात भाजीवालीशी मुद्दाम घासाघीस केली. चतुर्थीला वहिनींना घेऊन राजूरच्या गणपतीला गेली आणि ऐन गर्दीत, घंटेखाली उभी राहून म्हणाली, "आता बोल." वहिनी बोलल्या. आत्याला काही कळलं नाही. ती तडक मॅडमकडे तक्रार घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, "आजी, गर्दी गायब करणारं मशीन अजून कुणी बनवलं नाही. अशा ठिकाणी आवाजाकडे पाठ करायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. तरी थोडं निसटणारच." मला वाटलं आता मशीन परत जाणार. पण बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "पोरगी खोटं बोलत न्हाई. कोणतं बी घेऊ, हिच्याकडूनच घेऊ."

पुढचा प्रकार मात्र जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. पहिली जोडी परत करायच्या आतच आत्याने दुसरीही मागवून घेतली, आणि एका कंपनीचं यंत्र उजव्या कानाला, दुसरीचं डाव्या कानाला लावून ती जालना-अंबड एसटीत बसली. मी शेजारी होतो. जोडीतली दोन्ही यंत्रं एकमेकांशी मेळ ठेवून चालतात, ती वेगळी करायची नसतात, हे मॅडमनी तिला बजावून सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती. "म्या कुठं न्हाई म्हणली?" आत्या म्हणाली. "पर दोघांना एकाच गाडीला जुंपल्याबिगर कोण ओढतो ते कळंल का?" अंबड येईपर्यंत तिने मला निकाल सांगितला की उजवा तापट आहे, खिडकीची काच हादरली तरी उधळतो, डावा गरीब आहे, पण मनापासून ओढतो. मी हे मॅडमना घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसल्या, आणि आत्याकडून एकेक तक्रार नीट विचारून घेत उजव्या जोडीचा, म्हणजे उजव्या कानाला लावलेल्या कंपनीच्या जोडीचा, तापटपणा संगणकावर कमी करून दिला. "इतकं बारकाईनं कुणी सांगतच नाही हो," त्या मला म्हणाल्या. "लोक नुसतं आवडलं नाही म्हणतात आणि मशीन कपाटात ठेवतात."

आता दोन्ही जोड्या तोडीस तोड झाल्या, आणि आत्याने एकेक जोडी लावून ओसरीवर नुसतं बसायला सुरुवात केली. कुठे जाईना, कुणाला काही सांगेना. वहिनींना वाटलं उत्साह संपला. माझा तक्ता मात्र पूर्ण झाला होता आणि त्यात उजवी जोडी स्पष्ट पुढे होती. मी रोज आत्याला तसं सांगत होतो.

त्या दिवसांत काय चाललं होतं ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. एका संध्याकाळी त्या पोळ्या लाटत होत्या. ओसरीवरून एकदम आत्याचा आवाज आला.

"मंग त्या हेडबाईनं रजा दिली का न्हाई?"

वहिनींच्या हातातलं लाटणं खाली पडलं. कारण त्यांनी बोलणं थांबवलं नव्हतं. सासूला ऐकू येत नाही हे कळल्यापासून त्या रोजची हकीकत स्वयंपाकघरात, तव्याकडे तोंड करून सांगत होत्या. "आत्याबाई, ऐकलंत का," अशी सुरुवात करून, पहिल्यासारखीच, हळू आवाजात. सवयीने म्हणा, मन मोकळं करायला म्हणा. आत्या गेले काही दिवस बाहेर बसून ते ऐकत होती. वहिनी घामाघूम होऊन बाहेर आल्या, कारण तव्याला सांगितलेल्या हकीकतीत थोडा भाग सासूबद्दलही होता.

"मिठाचं बी ऐकलं म्या," आत्या म्हणाली. "जास्तच घालती तू. रजेचं सांग."

त्याच रात्री जेवायच्या आधी मला फोन आला. "बापू, डावी जोडी ठेव."

"अगं, पण तक्त्याप्रमाणे उजवी..."

"उजवीतून हिचा निम्मा शब्द भिंतीलाच ऱ्हातो. डावीतून ही पुरी येती. दुसरं काय ऐकायचंय मला?"

पुढच्या रविवारी मी यंत्राची कागदपत्रं द्यायला अंबडला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. दोघी ओसरीवर मेथीची जुडी पसरून बसल्या होत्या. मला चहा मिळाला, गरम. त्यानंतर माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आत्याचं चाललं होतं की आजचं झालं, कालचं झालं, आता मधलं सांग. ऐकू येत नव्हतं तेव्हापासूनचं सगळं, एकेक करून. वहिनी हसून म्हणाल्या, "अहो आत्याबाई, त्यातलं निम्मं जुनं झालं. माणसंसुद्धा राहिली नाहीत काही."

"म्हणूनच इचारून राह्यली," आत्या म्हणाली. हातातली काडी तिने मोडली नाही, तशीच धरून ठेवली. "ती पलीकडची जिजी. लेकीकडं दवाखान्यासाठी गेली, त्याच्या आदल्या दिशी हितं येऊन बसली व्हती. घंटाभर बोलली माझ्याशी. म्या नुसती मान हलवली. ती हसली की म्या बी हसली. मला तिचा एक शब्द कळला न्हाई." जिजी म्हणजे आत्याच्या भिंतीला भिंत असलेली, तिच्याच वयाची बाई. लेकीच्या गावाहून ती परत आलीच नाही. "तू आत व्हतीस. तुला तर ऐकू आलं असंल. काय म्हणत व्हती ती?"

वहिनींनी जरा आठवलं. मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. फार मोठं काही नव्हतं. जिजींचा गुडघा दुखत होता. लेकीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढायचं म्हणून त्या धास्तावल्या होत्या. कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला सांगत होत्या. नव्या नवऱ्या होऊन दोघी या गल्लीत आल्या तेव्हा एकदा आत्याने सासऱ्यांच्या पानात भाजीऐवजी पुरणाची कच्ची डाळ वाढली होती आणि सासऱ्यांनी मुकाट्याने ती खाल्ली होती, त्याची आठवण काढून जिजी पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

आत्या हसली. अगदी उशिरा, पण पोटातून हसली, डोळे पुसले, आणि मान किंचित वहिनींच्या बाजूला वळवली. वहिनी पुढचं सांगावं की नाही म्हणून थांबल्या होत्या.

"आन् मंग?" आत्या म्हणाली.